‘हरवलेला’ पेशंट

क्षयरोगाच्या संशोधनात ‘डिफॉल्टर’ हा शब्द कित्येक दशकं निवांत नांदला. सलग दोन महिने किंवा जास्त औषधं सोडणारा तो डिफॉल्टर. आमच्या पाथर्डीत डिफॉल्टर म्हणजे सोसायटीचं कर्ज थकवणारा. २०१२ मध्ये झकारिया, हॅरिस आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या निबंधात या भाषेवर बोट ठेवलं: ‘डिफॉल्टर’, ‘सस्पेक्ट’ हे शब्द दोष आजाऱ्याच्याच माथी मारतात. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं व्याख्या बदलल्या आणि ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ आलं.

निबंध नेमका आहे, जरूर वाचा. माझं भांडण नव्या शब्दाशी आहे.

पेशंट हरवला. कुठून? रजिस्टरमधून! सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही की आम्ही लॉगमध्ये ‘टाइमआउट’ बघतो. सर्व्हर बंद पडला, वायर तुटली, की आपणच चुकीच्या पत्त्यावर विचारत होतो, हे त्यातून कळत नाही; तपास तिथून सुरू होतो. शोधनिबंधाच्या तक्त्यात मात्र तो शेवटचा रकाना असतो.

आता आमच्याकडचं बघा. नवरात्रात मोहटादेवीची यात्रा होते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तालुक्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत माघारी यायची सोय नाही. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. साध्या क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा, कारण हा जंतू भलताच संथ. ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, याला वीसेक तास लागतात. काही जंतू तर नुसते झोपून राहतात आणि औषधाला दाद देत नाहीत. म्हणजे दसऱ्याला निदान झालं, तर गोळ्या आणि ऊस एकाच कॅलेंडरवर. असा माणूस हरवत नाही. तो कुठल्या कारखान्याच्या फडात आहे हे मुकादमाला ठाऊक असतं, गावात मागे राहिलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतं.

संशोधकाला पेशंटच्या दारापर्यंत जाता येतं, याचा दाखला जुनाच आहे: १९५९ चा मद्रासचा अहवाल. १९३ रुग्ण, जवळपास निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे घरी, वर्षभर उपचार. घरच्यांचे निकाल जवळपास तितकेच चांगले निघाले आणि सॅनेटोरियमची सद्दी संपायला सुरुवात झाली. पण मला त्यातलं गद्य आवडतं. लोक काय खातात, किती दाटीत राहतात, याची बारकाईनं नोंद. अचानक घरी जाऊन गोळ्या मोजणं, लघवी तपासणं. (हे जरा पोलिसी आहे, कबूल.) तरी तिथं वाक्याचा कर्ता संशोधक आहे: तो गेला, त्यानं पाहिलं. ‘लॉस्ट टू फॉलो-अप’मध्ये कर्ता पुन्हा पेशंटच, फक्त गुन्ह्याचं नाव सौम्य झालंय.

हा तक्ता मराठीत करायची वेळ आली तर मी ‘हरवला’ लिहिणार नाही. ‘ऊसतोडीला गेला, अमुक कारखाना, अमुक मुकादम’ एवढं लिहीन. रकाना थोडा रुंद करावा लागेल.