बोटावरची खूण आणि तिची लेखणी

पल्स पोलिओ मोहिमेच्या साहित्याची यादी पाहिली, तर लसीची कुपी, बर्फाच्या पिशव्या भरलेली शीतपेटी, गणनेचा तक्ता आणि घरांच्या दारांवर खुणा करण्याचा खडू यांच्या शेवटी एका मार्करची नोंद आढळते. लसीविषयी आणि शीतसाखळीविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने या लेखणीकडे फारच थोडे लक्ष गेले. वस्तुतः या साऱ्या साहित्यातून बालकाच्या देहापर्यंत पोहोचणाऱ्या गोष्टी दोनच: लसीचे थेंब आणि या लेखणीची शाई. थेंबांची परीक्षा प्रयोगशाळेत पावलोपावली होते. शाईची तशी होते काय, हा प्रश्न उशिरा विचारला गेला. मुलांच्या बोटांसाठी अधिक सुरक्षित आणि वापरण्यास अधिक सुलभ अशी लेखणी घडवावी, अशी अपेक्षा युनिसेफने उत्पादकांपुढे ठेवली, तेव्हा त्या प्रश्नाला प्रथम काही आकार आला. 'सुरक्षित' आणि 'सुलभ' ही दोन विशेषणे ऐकण्यास निरुपद्रवी वाटतात. परंतु त्यांच्या आड 'टिकाऊ' हे तिसरे विशेषण उभे आहे, आणि सारी अडचण त्यानेच निर्माण केली आहे.

खुणेचे प्रयोजन थोडक्यात असे. १९९५ साली भारतात पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पाच वर्षांखालील बालकाला दोन थेंब पाजल्यावर त्याच्या डाव्या करंगळीचे नख व नखालगतची कातडी रंगवावयाची, असा प्रघात पडला. रविवारी बूथ, पुढचे काही दिवस घरोघर फेरी, शिवाय बसस्थानके व रेल्वेस्थानके यांवर फिरती पथके, अशी ही योजना आहे. एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालके येतात. तेव्हा कोणाला थेंब मिळाले व कोणाला नाही, हे ठरविण्यास कागद पुरत नाही. देशातील अखेरचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. तरी शेजारच्या देशांत विषाणू शिल्लक असल्याने फेऱ्या थांबल्या नाहीत. यवतमाळसारख्या जिल्ह्यात या खुणेचे महत्त्व विशेष आहे. कापसाच्या वेचणीसाठी, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीला कुटुंबे हलतात. वणीच्या कोळसाखाणींच्या परिसरात बाहेरचे मजूर येतात. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव या भागांतील कोलामांचे पोड मुख्य रस्त्यापासून दूर आहेत. पुसदला थेंब घेतलेले मूल चार दिवसांनी नांदेडच्या बसस्थानकावर भेटले, तर त्याची सारी नोंदवही म्हणजे त्याची करंगळी.

या खुणेची कल्पना निवडणुकीच्या शाईवरून सुचलेली असो वा नसो, लोकमानसात ती तिचीच धाकटी बहीण आहे. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदाराच्या बोटाला लागणारी म्हैसूरची शाई सिल्व्हर नायट्रेटवर आधारलेली आहे. कातडीतील क्षाराशी या द्रव्याचा संयोग होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते, प्रकाशात ते काळवंडते, आणि पाण्याने वा साबणाने जात नाही. कातडीवरची खूण वरचा थर झडल्यावर जाते. नखावरची नख वाढून पुढे सरकेपर्यंत राहते. मतदानाच्या दृष्टीने हे उत्तमच आहे, कारण तेथे खूण पुसण्यात मतदाराचाच स्वार्थ असू शकतो. महाराष्ट्रात जानेवारी २०२६ च्या महानगरपालिका निवडणुकांत बाटलीतील शाईऐवजी मार्कर वापरले गेले आणि त्यांची खूण पुसली जाते अशा तक्रारी त्याच दिवशी उठल्या; त्यावरून टिकाऊपणाचा मुद्दा तेथे किती नाजूक आहे हे दिसते. परंतु दोन वर्षांच्या बालकाचा खूण पुसण्यात कोणता स्वार्थ? ते दुसऱ्यांदा थेंब घेण्यासाठी वेषांतर करून येणार नाही, आणि आलेच तर दोन थेंब अधिक गेल्याने बिघडत नाही. ही मोहीम तर वारंवार थेंब देण्यावरच उभी आहे. तेव्हा मतदाराच्या कसोटीला उतरणारी शाई बालकासाठी मागणे ही मूळ मागणीतच झालेली गफलत म्हणावी लागते.

गफलतीचे परिणाम रसायनात दिसतात. न पुसणारी खूण म्हणजे काय, हे विदर्भातील माणसास शिकवावे लागत नाही. यवतमाळच्या रानांत बिब्ब्याची झाडे आहेत. बिब्ब्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत आणि त्या भट्टीतूनही निघत नसत. तोच रस अंगाला लागला की बिब्बा उततो, फोड येतात, कातडी सोलवटते. 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. खूण पक्की का होते याचे उत्तर आणि ती इजा का करते याचे उत्तर येथे फार जवळ आहे: जे द्रव्य धाग्याशी वा कातडीशी संयोग पावते तेच टिकते, आणि संयोग पावते म्हणूनच जिवंत त्वचेला छळते. सिल्व्हर नायट्रेटची गोष्ट वेगळी नाही. तीव्र प्रमाणात ते दाहक आहे. चामखीळ जाळण्यासाठी वैद्यकाने त्याचा उपयोग केला तो याच गुणामुळे. प्रौढाच्या जाड तर्जनीवर जे सहज खपते ते सहा महिन्यांच्या बाळाच्या करंगळीवर खपेलच असे नाही. शिवाय प्रौढ मतदार मतदानानंतर बोट चोखीत बसत नाही.

यावर एक गोड उपाय नेहमी सुचविला जातो: मेंदी वापरावी. मेंदी आपली, नैसर्गिक, घरोघर परिचित. तिच्यातील रंगद्रव्य नखाच्या व कातडीच्या केराटिनाला धरते आणि एक-दोन आठवडे राहते. कल्पना मोहक असली तरी ती दोन ठिकाणी अडते. मेंदी रंगण्यास तास लागतात आणि बूथवर बालकामागे एक मिनिटही नसते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकांत मेंदीमुळे रक्तपेशी फुटल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत, आणि ही उणीव मध्य भारतातील आदिवासी समाजांत आढळते. जेथे खुणेची गरज अधिक तेथेच मेंदीचा धोका अधिक. जेन्शन व्हायोलेट हे जांभळे औषधही असेच जुने व ओळखीचे. तथापि २०१९ साली कॅनडाच्या आरोग्य खात्याने त्याच्याविषयी कर्करोगाच्या शक्यतेचा इशारा दिला. 'नैसर्गिक' किंवा 'जुने' हा सुरक्षिततेचा पुरावा होत नाही, एवढे यावरून निश्चित ठरते.

मग मार्ग कोणता? तो टिकाऊपणाच्या मागणीत कपात करण्यातूनच निघतो. फेरी आणि तिच्यामागून होणारी पाहणी यांचा एकत्रित काळ दिवसांत मोजावा लागतो, महिन्यांत नव्हे. तितके दिवस आंघोळ, माती, भात कालवणे आणि चोखणे यांत टिकेल आणि पुढे खुशाल जाईल, अशी शाई पुरेशी आहे. पुढच्या फेरीपर्यंत खूण उरली तर उलट घोटाळाच होतो, कारण जुनी खूण नवीन समजली जाते. खुणेला जाण्याचा दिवसही असावा लागतो, हे मागणी लिहिणाऱ्यांच्या ध्यानात फारसे आलेले दिसत नाही.

'सुलभ' या शब्दाचा विचार करताना आधी हे विचारावयास हवे की, सुलभ कोणाला? लेखणी धरणारी बहुधा अंगणवाडी सेविका किंवा आशा असते. तिच्या एका हातात बाळाची मूठ असते. आणि बाळाची मूठ उघडणे हे काम ज्याने केले आहे त्यालाच त्याची कठीणता ठाऊक. दोन हातांनी उघडावे लागणारे टोपण येथे निरुपयोगी ठरते. मग ते दिवसभर उघडेच राहते, टोकाच्या तंतूंतील द्रावक उडून जाते, आणि दुपारपर्यंत लेखणी कोरडी पडते. दुसरी गोष्ट तेलाची. हिवाळ्यात, म्हणजे फेरीच्या ऐन दिवसांत, तान्ह्या मुलांना तेल चोळून शेकण्याची आपली चाल आहे. तेलकट नखावर शाई पसरते, धरत नाही. इतकेच नव्हे, तर ते तेल तंतूंच्या बारीक वाटांत शिरून शाईचा ओघ थोपविते, आणि पुढच्या पाच मुलांची खूण पुसट उमटते. कोऱ्या, स्वच्छ पृष्ठावर केलेल्या कारखान्यातील चाचणीत ही लेखणी उत्तीर्ण होईल आणि घाटंजीच्या किंवा आर्णीच्या अंगणवाडीत नापास होईल. बाळाचे नख काही मिलिमीटरांचे. तेव्हा टोक रुंद असून चालत नाही, आणि टोकदार असल्यास हिसक्यासरशी कातडीत रुतते. किंचित खोलगट, मऊ, दाबले तरच शाई सोडणारे टोक हवे. तेच टोक एका बोटावरून दुसऱ्या बोटावर जाते, याचाही विचार साथीच्या काळानंतर टाळता येत नाही.

टोपणाविषयी एक सिद्ध नियम जगात आहे. चौदा वर्षांखालील मुलांच्या लेखनसाधनांच्या टोपणासाठी आयएसओ ११५४० हे मानक १९९३ पासून आहे. त्याचा गाभा असा की, टोपण गिळता येणार नाही इतके मोठे असावे, अथवा घशात अडकले तरी त्यातून श्वास जाण्यापुरती, म्हणजे मिनिटाला किमान ८ लिटर, हवा वाहावी. कित्येक पेनांच्या टोपणाच्या शेंड्याला जे भोक दिसते ते याच हेतूने असते. पोलिओच्या टेबलावरील मार्कर मुलाने लिहिण्यासाठी घडविलेला नसतो, म्हणून या नियमाचा त्याच्याशी संबंध नाही, असे कोणी म्हणू शकेल. शब्दशः ते खरेही असेल. पण त्या टेबलाभोवती जितकी पाच वर्षांखालील मुले असतात तितकी कोणत्याही शाळेच्या वर्गात नसतात. टोपण लेखणीलाच जोडलेले व एका अंगठ्याने उघडणारे केले, तर गुदमरण्याची भीती आणि कोरडेपणा या दोन्ही गोष्टींचा निकाल एकाच योजनेने लागतो. सुरक्षितता व सुलभता परस्परविरोधी मानण्याची सवय येथे तरी सोडावयास हरकत नाही.

या चर्चेला यवतमाळ जिल्ह्यातच एक कठोर संदर्भ मिळाला आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना उलट्या होऊ लागल्या. त्यांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने सर्व बरी झाली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. साधनांच्या समीक्षकास ते तेथे संपलेले मानता येत नाही. निष्काळजीपणा नाकारण्याचे कारण नाही. तथापि साथीमुळे त्या वर्षी टेबलावर एक नवा द्रव आला होता, आणि पाजावयाचा द्रव व चोळावयाचा द्रव शेजारी ठेवले गेले, तर त्यांना एकमेकांपासून दूर राखणारे काय होते? लसीच्या कुपीवर उष्णता दाखविणारी खूण असते. वर्तुळातला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यावयाची. अल्पशिक्षित व्यक्तीसही कळेल अशी ही योजना कल्पकतेचा नमुना आहे. पण ती 'ही लस चांगली आहे काय' एवढेच सांगते. 'ही लस आहे काय' हा प्रश्न कोणी विचारील, असे योजकांना वाटले नसावे.

खुणेच्या दृष्टीने त्या घटनेचा अर्थ आणखी खोल जातो. सॅनिटायझर पाजल्यानंतरही करंगळीवर शाई तितकीच काळी उमटते. खूण एवढीच साक्ष देते की खूण केली गेली. पाकिस्तानात काही पालकांनी लस नाकारून नुसतीच बोटे रंगवून घेतल्याच्या, आणि काही ठिकाणी पथकांनीही त्यात साथ दिल्याच्या नोंदी मोहिमेच्या परीक्षकांनी वारंवार केल्या आहेत. तेथेही शाईचा पक्केपणा काही करू शकला नाही. पक्क्या शाईने खोटी खूणही पक्कीच झाली. म्हणजे ज्या टिकाऊपणासाठी बालकाच्या त्वचेला दाहक द्रव्याजवळ न्यावयाचे, त्याने पुसण्याचा धोका टळतो, जो येथे जवळजवळ नाही. आणि खोटेपणाचा धोका टळत नाही, जो खरोखर आहे. आणखी एक विसंगती अशी की, अल्कोहोलात विरघळणाऱ्या रंगाचा मार्कर घेतला, तर टेबलावरच्या त्याच सॅनिटायझरने त्याची खूण फिकी पडते. आधी हात चोळावेत की आधी खूण करावी, हा क्रम आता साहित्याच्या रचनेनेच ठरवून द्यावयास हवा. केवळ प्रशिक्षणातील सूचनेवर तो सोपविता येणार नाही.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा आहे. भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा सक्तीचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून, म्हणजे कापसी-कोपरीच्या घटनेपूर्वी बरोबर तीस दिवस, अमलात आला. मुलांच्या तोंडात जाऊ शकणाऱ्या खेळण्यातील शिसे व इतर धातू यांच्या मर्यादा त्यामुळे बंधनकारक झाल्या. बोट रंगविणारी लेखणी खेळणे नाही. ती औषध नाही. शाळेचे लेखनसाहित्यही नाही. कोणत्याच कप्प्यात ती नीट बसत नाही, आणि खरेदीच्या निविदेत तिचे वर्णन बहुधा रंग आणि नगसंख्या यांपुढे जात नसावे, अशी शंका येते. तिच्या शाईतील प्रत्येक घटक बालकाने चोखला असता त्याचे काय होते, नखालगत खरचटलेल्या कातडीवर ती काय करते, तेल लावलेल्या बोटावर किती दिवस राहते आणि कितव्या दिवशी जाते, या चार गोष्टी निविदेतच मागितल्या पाहिजेत. चाचणीची जागाही शहरातील प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहू नये. वणीच्या वीटभट्टीवरचे, पांढरकवड्याच्या पोडावरचे आणि दिग्रसच्या तांड्यावरचे मूल यांच्या करंगळ्यांना एका दिवसात पाणी, माती, राख व तेल यांचा जो संपर्क होतो, त्याची नक्कल करणारे यंत्र कोणत्या कारखान्यात असणार?