गळ्यातलं मडकं : सवी सावरकरांच्या चित्रांविषयी



आपल्या चळवळीला गाणं आहे, जलसा आहे, कविता आहे, आत्मकथन आहे. चित्र आहे काय? असं कोणी विचारलं की आपण जयंतीच्या बॅनरकडे बोट दाखवतो. निळा कोट, हातात संविधान, बोट पुढं. त्या बॅनरची टिंगल करायची नाही. वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत वाडीच्या तोंडावर तो लागतो तेव्हा ती वाडी गावाला सांगत असते, आम्ही इथं आहोत. पण तो बॅनर आपल्याला कुठं जायचंय ते सांगतो. आपण कुठून आलो ते सांगणारं चित्र भिंतीवर लावायचं म्हटलं की आपण कचरतो. एखादा कार्यकर्ता सरळ म्हणतो, “ह्यां कित्याक दाखवतंस? आमका काय म्हायत नाय?”

हा प्रश्न खोटा नाही. आपला अपमान पुन्हा पुन्हा कागदावर काढून काय मिळतं? बघणारा पांढरपेशा हळहळतो, वाइनचा ग्लास खाली ठेवतो आणि घरी जातो. आपल्या वाट्याला काय? सवी सावरकरांची चित्रं या प्रश्नाला तोंड देतात, म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचं.

आडनाव वाचून दचकू नका. हा सावरकर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतला नव्हे. हा नागपूरचा, बौद्ध घरातला, १९६१ चा जन्म. म्हणजे दीक्षाभूमीवर १९५६ साली लाखोंनी जुना धर्म टाकला, त्यानंतर पाच वर्षांनी जन्मलेला. नागपुरात चित्रकला शिकला, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रण शिकला, पुढं दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. मेक्सिकोतही राहून काम केलं. तिथल्या ओरोस्को, रिवेरा यांनी सरकारी इमारतींच्या भिंतींवर शेतकरी आणि मजूर काढून ठेवलेत. गॅरी टार्टाकोव्ह या अमेरिकन अभ्यासकानं २०१२ साली दलित कलेवर ग्रंथ संपादित केला, त्यात सवीच्या कामाला जागा मिळाली. आपल्याकडच्या चित्रकलेच्या बाजारात मात्र त्याचं नाव हुसेन-रझांच्या पंगतीत कोणी घेत नाही. पंगत म्हटली की कोण कुठं बसतो हे आपल्याला सांगायला नको.

सवी रंगात काम करतो, शाईत करतो, पण त्याची खरी ताकद कोरीव मुद्राचित्रात आहे. ते कसं होतं हे कळलं पाहिजे. जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा थर चढवतात. सुईनं त्या थरावर चित्र ओरखडतात. पत्रा तेजाबात बुडवला की थर असलेला भाग वाचतो आणि ओरखडा असेल तिथं तेजाब धातू खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. कागदावर उमटणारी काळी रेघ म्हणजे धातूला पडलेली जखम असते. आणि एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात. तैलचित्र एका शेठजीच्या दिवाणखान्यात जाऊन बसतं. मुद्राचित्र वाटता येतं. आपल्या पत्रकासारखं.

आता या काळ्या रेघांत आहे काय? एक माणूस. गळ्यात मडकं, कमरेला झाडू. अंगानं कागद भरून टाकलेला. डोळे मोठे. बाजूला शेंडी-जानव्यातला पुरोहित. सुबकपणा कुठंच नाही. हात वेडेवाकडे, तोंड ठेचल्यासारखं. ज्यांना चित्र म्हणजे राजा रविवर्म्याची लक्ष्मी नाहीतर धुरंधरांची नऊवारीतली बाई एवढंच ठाऊक, ते म्हणणार, हे कुरूप आहे. असू दे. ज्या व्यवस्थेनं थुंकी जमिनीवर पडून विटाळ होऊ नये म्हणून माणसाच्या गळ्यात मडकं अडकवलं, तिचं सुंदर चित्र कसं काढणार?

हे मडकं आणि झाडू सवीनं कल्पनेतून काढलेले नाहीत. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळाला ते झेपलं नाही, परिषद रद्द झाली, बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं. त्यात पेशवाईतल्या पुण्याची हकीकत आहे: अस्पृश्यानं आपल्या पावलांचे ठसे झाडत जायचे आणि थुंकायचं ते मडक्यात. शिवाय मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा, चुकून कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून.

इथं थांबा. दोरा कशाला लागला? मडकं कशाला लागलं? कारण कातडी बघून जात कळत नाही!

अमेरिकेत गोऱ्यानं काळ्याला ओळखायला दोरा बांधला नाही, रंग पुरेसा होता. आपल्याकडे बामणाच्या आणि महाराच्या चेहऱ्यात फरक सापडेना, म्हणून फरक बांधावा लागला. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनी पुन्हा पुन्हा मांडलं. १९४८ च्या अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या ग्रंथात तर नाकांच्या मोजमापांचा हिशेब घेऊन मांडलं. सवीच्या चित्रात तेच दिसतं. मडकं गळ्यातून काढा, मागं उरतो तो नुसता माणूस. म्हणून त्याच्या चित्रासमोर विचारायचा प्रश्न “हा किती बिचारा” हा नाही. हे कोणी बांधलं आणि गाठ कुठं आहे, हा आहे.

शेजारी एक परदेशी काम ठेवून बघू. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. त्याच साली कॅलिफोर्नियात बेटी सार या काळ्या चित्रकर्तीनं एक लहानशी पेटी बनवली. ही बाई १९२६ ची, लॉस एंजेलिसची. जुन्या बाजारातल्या टाकाऊ वस्तू जोडून काम करणारी. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात ‘आंट जेमायमा’ नावाची एक हसरी, जाडी, डोक्याला रुमाल बांधलेली काळी मोलकरीण असायची, पिठाच्या पुड्यावर छापलेली. सारनं तसलीच एक थट्टेची बाहुली घेतली. बाहुलीच्या एका हातात झाडू होताच. दुसऱ्या हातात तिनं बंदूक दिली. पुढं काळी मूठ, पायाखाली कापूस, मागं त्या पुड्यावरच्या चेहऱ्यांची रांग. पेटीचं नाव, आंट जेमायमाची मुक्ती. पुढं तिनं कपडे घासायच्या फळ्यांवरही असंच काम केलं. पिठाच्या पुड्यावरून ते नाव २०२१ साली गेलं. पेटीनंतर एकोणपन्नास वर्षांनी.

दोन्हीकडे झाडू आहे. सार झाडूच्या जोडीला बंदूक देते, सवी देत नाही. आपल्यातल्या पुष्कळांना बंदूक आवडेल, कवितेत तर आपण ती कितीदा उचलली. पण सारनं घेतलेली बाहुली गोऱ्यांनी बनवलेलं खोटं चित्र होतं. खोट्या चित्राला उलटं करायला बंदूक चालते. सवीचा माणूस कोणाच्या जाहिरातीतला नाही. त्याच्या बाबतीत चित्रच नव्हतं. पेशवाईचे दरबार, वाडे, घोडे यांची चित्रं रंगली, मडकंवाला त्यांत कुठं दिसत नाही. जे मुळात पुसलेलं आहे ते उलटं कसं करणार? आधी ते काढावं लागतं. सवीनं हे पहिलं काम केलं.

आता बाईकडे येऊ. सवीनं देवदासीची चित्रं मोठ्या संख्येनं काढली. प्रस्थापित कलेत देवदासी म्हणजे नाजूक कमरेची नर्तकी, मागं गोपुर, पायांत घुंगरू. सवीची देवदासी काळी, जड, थकलेली, पुरोहिताच्या सावलीत. पुरुषाच्या गळ्यात मडकं बांधावं लागलं. बाईच्या बाबतीत व्यवस्थेनं तिचं शरीरच मडकं करून टाकलं, ज्यात गावानं थुंकायचं आणि वर त्याला देवाचं नाव द्यायचं. जात आणि बाईपण वेगवेगळे विषय आहेत असं सांगणाऱ्यांना ही चित्रं दाखवा.

सौंदत्ती लांब आहे, आपला काय संबंध, असं मालवण किनाऱ्यावरच्या कोणी म्हणू नये. या किनाऱ्यावर, सावंतवाडी संस्थानात आणि गोव्यात देवळांना वाहिलेल्या भाविणी होत्या. देऊळ झाडायचं, दिवा लावायचा, आणि गावातल्या मानकऱ्यांनी ठरवलेलं आयुष्य जगायचं. त्या अस्पृश्य नव्हत्या. त्यांचा झाडू देवळाच्या आत चालायचा, आपल्या म्हाताऱ्यांना देवळाची पायरी नव्हती. यल्लम्माला सोडलेल्या पोरी मात्र बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या. एकच प्रथा, पण तिलाही पायऱ्या! बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. कायदे झाले: मुंबई इलाख्यात १९३४, कर्नाटकात १९८२, महाराष्ट्रात पुन्हा २००५. आज त्या जुन्या नावानं कोणाच्या घराकडं बोट दाखवायचं नाही, ते बोट दाखवणं म्हणजे नवा दोरा बांधणं. बोट दाखवायचं ते ज्यांच्या इनामांवर आणि मानांवर ही व्यवस्था चालली त्यांच्याकडं.

आणि इथंच माझं सवीशी भांडण आहे. त्याची देवदासी पुष्कळदा अत्याचाराची खूण होऊन उभी राहते. तिच्यावर काय केलं गेलं ते दिसतं. ती काय करते ते दिसत नाही. ती जोगवा मागते, पोरं वाढवते, बापाचं नाव विचारणाऱ्या मास्तराशी भांडते, म्हातारपणी एकटी मरते. हे सगळं चित्राबाहेर राहतं. पुरुषाच्या हातून बाईचं दुःख आलं की ते आपल्या समाजाच्या अपमानाचं प्रतीक होऊन जातं, आणि प्रतीकाला कोणी विचारत नाही, बाई, तुझं म्हणणं काय? हा दोष एकट्या सवीचा नाही, आपल्या कवितेचाही आहे. आयाबहिणींची विटंबना हा शब्द आपण किती वेळा वापरला, आणि आयाबहिणींना माइक किती वेळा दिला?

बाया बोलल्या नव्हत्या असंही नाही. मांग-महारांच्या दुःखावर १८५५ साली लिहिणारी मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली पोरगी होती. शिवराम जानबा कांबळ्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’मध्ये १९०९ साली शिवूबाई या मुरळीचं पत्र छापून आलं. बाबासाहेबांनी १९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना समोर बसवून त्यांच्याशी बोलणं केलं. मीनाक्षी मून आणि आपल्या कोकणातल्या ऊर्मिला पवार यांनी चळवळीतल्या बायांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. चित्रकाराला हे सगळं उपलब्ध आहे.

सवीनंतरचे काही जण पुढं गेलेत. बर्लिनच्या बाराव्या द्वैवार्षिकात २०२२ साली दोन कामं होती. एक प्रभाकर कांबळ्यांचं ‘उतरंड’. मडक्यावर मडकं, प्रत्येक मडकं खालच्याच्या डोक्यावर. सवीच्या गळ्यातलं मडकं इथं अख्खी समाजरचना होतं. दुसरं मयूरी चारी हिचं, आपल्या हद्दीपलीकडच्या गोव्यात जन्मलेलीचं. तिनं स्त्रीदेहाचे आकार शेणातून घडवले आणि मी उपभोगासाठी जन्मले नाही अशा अर्थाचं नाव दिलं. शेण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गाईचं म्हणून ते पवित्र, ते काढणारे, खळं सारवणारे हात मात्र हलके. तेच शेण घेऊन बाई स्वतःच्या देहाबद्दल स्वतः बोलते. इथं तिच्यावर काय झालं एवढंच नाही, ती काय म्हणते तेही आहे.

तेव्हा, ह्यां कित्याक दाखवतंस? याचं उत्तर असं. मडकं गेलं, दोरा गेला, पण गाठ सुटली नाही. कोकणात अनोळखी पोराला पहिला प्रश्न गावाचा आणि दुसरा वाडीचा असतो. वाडी कळली की जात कळते. राज्याच्या मंत्रिमंडळानं २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. पाटी बदलते, प्रश्न विचारणारा तोच राहतो. जुनं मडकं डोळ्यांना दिसत होतं, नवं दिसत नाही, म्हणून ते काढून दाखवणारा चित्रकार आता जास्त लागतो. आपल्यातलं एखादं पोरगं, आणि त्याहून एखादी पोरगी, हे काम करील.

तोवर एवढं करा. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर आदिवासींची चित्रकथी आहे. एकेक चित्र समोर धरायचं आणि गाऊन सांगायचं. गोष्टी रामायण-महाभारताच्या, पण रीत शिकण्यासारखी: चित्र नुसतं टांगत नाहीत, ते सांगतात. सवीच्या चित्रांच्या झेरॉक्स काढा, बुद्धविहारात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावा, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना पुढं बसवा. आपण भाषण करायचं नाही. त्यांना विचारायचं, यातलं तुम्ही काय बघितलंत, आणि यात काय नाही? त्या जे सांगतील ते लिहून घ्या. पुढच्या अंकाला तोच मजकूर पाठवा.

जयभीम.