लाव्हारस वळवावा कोणीकडे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या आमच्या नातवाने ‘व्होल्कॅनो’ हा १९९७ सालचा इंग्रजी चित्रपट आम्हांस आग्रहाने दाखविला. मिक जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात लॉस एंजेलिस शहराच्या ऐन मध्यावर लाव्हारस उसळतो आणि तो अडविण्याची जबाबदारी आपत्तिनिवारण कार्यालयाचा प्रमुख माईक रोर्क याच्यावर येऊन पडते. टॉमी ली जोन्स यांनी ही भूमिका केली आहे. सरकारी अधिकारी हा कथा-चित्रपटांतून बहुधा लाचखाऊ तरी असतो किंवा हास्यास्पद तरी. येथे तो चक्क नायक आहे. आमची उभी हयात राज्य शासनाच्या सेवेत गेली असल्याने हा चित्रपट आम्ही जरा अधिक बारकाईने पाहिला, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम शास्त्राचा हिशेब पाहू. लॉस एंजेलिसच्या परिसरात भूकवचाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना घासत बाजूबाजूने सरकतात. त्यातून भूकंप होतात. परंतु शहराच्या पोटातून असा लाव्हारस वर येण्याचे कारण तेथे नाही. दुसरे असे की, भुयारी रेल्वेचा एक अधिकारी गाडीच्या चालकाला वाचविताना लाव्हारसात उभा राहतो आणि पायांपासून विरघळत जातो. प्रत्यक्षात लाव्हारस हा वितळलेला दगड आहे; त्याची घनता माणसाच्या शरीराच्या अडीचपटीहून अधिक. त्यात माणूस बुडत नाही, वरच जळून जातो. हजार-अकराशे अंश तापमानाच्या प्रवाहाजवळ नुसते उभे राहणेही असह्य असते. चित्रपटातील मंडळी मात्र हातभर अंतरावरून संवाद म्हणतात. असो. एवढी सूट प्रत्येक कथेला द्यावी लागते.

मुख्य प्रश्न लाव्हारस अडविण्याचा. रोर्क रस्त्यात काँक्रीटचे अडसर रचवितो, मागे बंब उभे करतो, वरून हेलिकॉप्टरने पाणी ओततो आणि काही मिनिटांत प्रवाह काळा पडून थिजतो. पाण्याने लाव्हारस थिजतो हे खरे; पण तो थिजतो तापल्या दुधावर साय धरावी तसा. वरचे कवच उष्णतेला बाहेर पडू देत नाही आणि राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे आतला रस दिवसेंदिवस, कधी महिनोन्‌महिने, धगधगत राहतो. मागून रेटा चालू असला की तो कवच फोडून पुढे सरकतो. बंबांच्या चार टाक्यांनी भागण्यासारखे हे काम नव्हे.

तरीही ही कल्पना निव्वळ थाप नाही, हे चित्रपटाच्या बाजूने सांगितले पाहिजे. आइसलँडच्या हेमाई बेटावर २३ जानेवारी १९७३ च्या रात्री गावाच्या कडेलाच जमीन दुभंगली. पाच हजारांवर रहिवासी मासेमारीच्या बोटींतून रातोरात बाहेर काढण्यात आले. लाव्हारस बंदराचे तोंड बुजविणार असे दिसताच थॉर्ब्यॉर्न सिगुरगेयरसन या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून समुद्राचे पाणी त्यावर मारण्यास सुरुवात झाली. हे काम काही महिने चालले आणि सुमारे साठ लाख घनमीटर पाणी ओतले गेले. बंदर वाचले, परंतु लाव्हारस व राख मिळून सुमारे चारशे घरे गेली. सिसिलीतील एटना पर्वतावर १९९२ मध्ये झाफेराना गावाच्या वर मातीचा उंच बांध घातला गेला. अखेर लाव्हारस त्याच्याही माथ्यावरून उतरला. मग पर्वतावर, पार उगमाजवळ सुरुंग लावून प्रवाह फोडला, तेव्हा गाव वाचले. आइसलँडमध्येच ग्रिंडाविक गावाभोवती बांध उभारले होते. त्यांनी पुष्कळ लाव्हारस बाजूला वळविला, तथापि १४ जानेवारी २०२४ रोजी एक भेग बांधाच्या आतच उघडली आणि तीन घरे जळाली.

म्हणजे रोर्कची साधने खरी आहेत, खोटा आहे तो त्याचा वेळ. महिन्यांचे काम चित्रपटाने एका रात्रीत बसविले. हा दोष क्षम्य आहे; नाटकातही आम्ही वर्षे अंकांत बसवितो. आमचा खरा आक्षेप निराळा आहे. चित्रपटाच्या अखेरीस एक उंच इमारत सुरुंगाने पाडून तिचा बांध केला जातो आणि लाव्हारस चरातून ओढ्यात व ओढ्यातून समुद्रात जातो. समुद्र कोणाचाच नसतो. त्यामुळे वळविलेला लाव्हारस कोणाच्या दारात गेला, हा प्रश्न लेखकाला पडत नाही.

तो प्रश्न १६६९ सालीच पडून गेलेला आहे. एटनाचा लाव्हारस कातानिया शहराकडे येत असता दिएगो पाप्पालार्दो नावाचा गृहस्थ काही लोकांसह पुढे गेला. अंगावर ओली कातडी पांघरून, लोखंडी पहारींनी त्यांनी प्रवाहाची थिजलेली कड फोडली. रस त्या खिंडारातून दुसरीकडे वाहू लागला. आणि त्या बाजूला पातेर्नो हे गाव होते. तेथील लोक शस्त्रे घेऊन धावून आले व त्यांनी कातानियाकरांना हाकून लावले. खिंडार पुन्हा बुजले आणि पुढे लाव्हारस कातानियाच्या तटापाशी येऊन शहराच्या पश्चिम भागात शिरला. चुकले कोण? आम्हांस तरी दोन्ही गावे आपापल्या जागी बरोबर वाटतात.

आमच्या नोकरीच्या आरंभीच्या काळात एका तहसिलीत नदीला पूर आला होता. रस्त्याच्या भरावामुळे पाणी तुंबून बाजारपेठेत चढत होते. भराव कापला तर पेठ वाचणार होती आणि खालच्या वस्तीची उभी ज्वारी जाणार होती. वस्तीतील माणसे लाठ्या घेऊन भरावावर बसली. पहाटे भराव कापण्याचा आदेश झाला, तो वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले. पेठ वाचली. पंचनाम्याला गेलो तेव्हा एका वृद्ध शेतकऱ्याने विचारले की, हे नुकसान कागदावर नदीच्या नावे लिहिणार की सरकारच्या? आम्ही ‘अतिवृष्टी’ असे लिहिले. मदतीच्या नमुन्यात दुसरा रकाना नव्हता. तो हिशेब आमच्या मनात अद्याप मिटलेला नाही.

म्हणूनच चित्रपटाचा शेवट आम्हांस खटकला. राखेने सर्वांचे चेहरे सारखेच करडे झालेले असतात आणि एक लहान मुलगा म्हणतो की, आता सगळे एकसारखेच दिसतात. प्रसंग हृद्य आहे. वस्तीवस्तीतील भेदाची जाणीव चित्रपटाला नाही असेही नाही. आपल्या वस्तीकडे बंब येत नाहीत, अशी तक्रार करणारा एक कृष्णवर्णीय तरुण त्यात आहे. परंतु तो अडसर उचलायला हात लावतो, बंब त्याच्या वस्तीकडे जातो आणि तक्रार मिटते. संकट माणसांना समान करते, असा बोध त्यातून निघतो. राखेपुरते ते खरे असेल. बांध घालताच मात्र माणसे अलीकडची व पलीकडची होतात. ते भान ज्या कथेत नाही, तिचे शास्त्र बिनचूक असले तरी तिला आम्ही वास्तववादी म्हणणार नाही.

हा विषय परमुलखाचा वाटेल, पण तो आपल्या पायांखालचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे तेच आणि त्या काळ्या पाषाणापासून झालेली माळव्याची काळी मातीही तीच. ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या टेकडीवर असला, तरी ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैन, शाजापूर, मंदसौर हे जिल्हे त्या काळ्या मातीचे. आपल्यापैकी कित्येक घराण्यांच्या पूर्वजांनी सह्याद्रीचा कातळ सोडला आणि त्याच कातळाच्या मातीत पिकलेला गहू पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला. तो लाव्हारस अडविण्यास तेव्हा कोणी माणूस नव्हता, म्हणून त्याचे दान आपल्या पदरी निर्वेध पडले. ज्याच्या दारात तो आज येतो, त्याला मात्र साडेसहा कोटी वर्षे थांबता येत नाही.

‘व्होल्कॅनो’ पाहावा, करमणूक उत्तम आहे आणि सरकारी नोकराची बाजू घेणारा चित्रपट सहसा पाहायला मिळत नाही. नातवाने विचारले, ‘आजोबा, असे खरेच अडवता येते का?’ आम्ही म्हणालो, ‘कधी कधी येते. पण मग ते कोणाकडे गेले, हेही विचारावे.’