मूळ वृक्ष आणि त्याची शाखा

एखादें नांव मोठें झालें कीं त्याच्या आश्रयानें लहान कृतींचें पीक येऊं लागतें. यशस्वी पात्रास दुसऱ्या पुस्तकांत पुन्हां उभें करण्याचा मोह कादंबरीकारास आवरत नाहीं. व्हिडिओ गेमच्या सृष्टींतही हाच प्रकार चालतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें २००७ सालीं सुरू केलेल्या ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेस पुढें ‘क्रॉनिकल्स’ नांवाची तीन भागांची शाखा फुटली. तिचा चीनविषयक भाग २०१५ सालीं निघाला, रशियाविषयक २०१६ सालीं. मधला भाग हिंदुस्थानचा असून तो क्लायमॅक्स स्टुडिओज या इंग्रज संस्थेनें रचिला व जानेवारी २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. रसिकानें त्यावर वेळ व पैसा खर्चावा काय, एवढाच येथें प्रश्न आहे.

शाखेची परीक्षा करतांना एक कसोटी पुरे होते: मूळ वृक्षास जें फळ धरत नाहीं, तें ही देते काय? मालिकेच्या मोठ्या भागांत विस्तीर्ण नगरी असतात, वाटेल त्या भिंतीवर चढतां येतें. परंतु पकडले गेलों तरी तलवारीच्या बळावर निभावतें, आणि म्हणून लपण्यास फारसा अर्थ उरत नाहीं. या भागांत दृश्य एका बाजूनेंच दिसतें. पहारेकऱ्याची नजर कोठवर पोहोंचते तें पडद्यावर रेखून दाखविलेलें असतें, आणि नायक समोरासमोर लढण्यांत दुबळा आहे. त्यामुळें प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकावें लागतें व चूक झाल्यास ती आपलीच असते. मालिकेच्या नांवांत जें अभिप्रेत आहे, तें या लहान खेळांत अधिक शुद्ध स्वरूपांत उतरलें आहे. मात्र कांहीं ठिकाणीं कर्त्यांस आपल्याच गुणाचा विसर पडतो. सावध संयम बाजूस ठेवून खेळाडूस नुसतें धांवडविलें जातें. तीं स्थळें निःसंशय कंटाळवाणीं आहेत.

आतां कथेविषयीं. काळ १८४१ चा आहे. रणजितसिंग १८३९ सालीं निवर्तले होते, लाहोर दरबारांत कलह माजला होता व कंपनी सरकारची दृष्टि पंजाबावर होती. नाट्यास याहून उत्तम भूमि कोणती? परंतु खेळांत ती पडद्यामागील रंगविलेल्या चित्राप्रमाणें राहते. ठगांच्या बंदोबस्तामुळें ख्याति पावलेला स्लीमन येथें केवळ ठरीव खलपुरुष झाला आहे. नायक अरबाज मीर याचें राजकन्येवरील प्रेमही चार चित्रांत आटोपलें आहे. रंगसंगति व नक्षी मनोहर आहे आणि हातांत दिलेलें चक्र त्या भूमीस शोभतें; तथापि नक्षी म्हणजे इतिहास नव्हे.

आपल्या देशाचा नायक परक्यांच्या प्रख्यात मालिकेंत आला, एवढ्यानेंच कित्येकांस धन्यता वाटेल. त्या आनंदांत आम्हीही सहभागी आहों. परंतु अभिमान हें गुणाचें माप होऊं शकत नाहीं. स्वदेशाच्या दर्शनासाठीं हा खेळ घेणारा निराश होईल. लपूनछपून, डोकें शांत ठेवून वाट काढण्याचें सुख ज्यास प्रिय आहे, त्यानें तो अवश्य खेळावा. शाखा लहान आहे, पण तिचें फळ तिचें स्वतःचें आहे.