‘बॉस’चे माहेर

मराठीत आपण ज्याला अस्सल इंग्रजी समजून वापरतो, त्या ‘बॉस’ शब्दाचे माहेर हॉलंडचे आहे. डचमध्ये ‘बास’ म्हणजे धनी, कामावरचा मुख्य. मराठी कानाला मात्र ‘बास’ म्हणजे पुरे! झूटरमेरच्या बागेत कुत्रा फिरवायला येणारा गृहस्थही त्या कुत्र्याचा ‘बाशे’, म्हणजे लाडाने छोटा ‘बास’ असतो.

सतराव्या शतकात डच वसाहतवाल्यांबरोबर हा शब्द अमेरिकेत गेला. १६६४ साली इंग्रजांनी न्यू ॲमस्टरडॅम घेऊन त्याचे न्यूयॉर्क केले; डच सत्ता गेली, शब्द राहिला. एकोणिसाव्या शतकात तो फोफावला, त्याला कारण होते. ‘मास्टर’ हा गुलामांनी धन्याला उद्देशून वापरायचा शब्द. मजुरी करणाऱ्या स्वतंत्र गोऱ्याला तो उच्चारणे कमीपणाचे वाटे. ‘बॉस’ म्हटले की धनी तोच, पण स्वाभिमान शाबूत.

डचांबरोबर हाच शब्द दक्षिण आफ्रिकेतही पोचला. तिथे काळ्या माणसाने गोऱ्याला ‘बास’ म्हणायचे अशी रीत पडली, आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाच्या धोरणाला ‘बासस्काप’ हे नाव मिळाले. १९५४ ते १९५८ या काळात पंतप्रधान असलेले स्ट्रेडॉम त्याचे उघड पुरस्कर्ते होते. एका खंडात ज्या शब्दाने मान राखली, त्यानेच दुसऱ्या खंडात ती वाकवली.

तेव्हा ‘साहेब’ सरंजामी आणि ‘बॉस’ आधुनिक, हा आपला समज तपासून घ्यायला हवा. ‘साहेब’ मूळचा अरबी. तिथे त्याचा अर्थ सोबती. ‘बाबासाहेब’ म्हणणारी लाखो माणसे कुणा मालकाला हाक मारत नसतात.

शब्द निवडताना आपण किती घाई करतो, याचा नमुना दूरचित्रवाणीवर आहे. १९९९ साली हॉलंडमध्येच ‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम सुरू झाला. नाव ऑर्वेलच्या १९४९ सालच्या कादंबरीतले. २००६ मध्ये हिंदीत आणि २०१८ मध्ये मराठीत तो आला ‘बिग बॉस’ होऊन. भाऊ गेला, धनी आला. वास्तविक मराठीत ‘दादा’ हाताशी होता! थोरला भाऊ दादा आणि गल्लीतला दांडगाही दादा. ऑर्वेलचा सारा उपरोध या दोन अक्षरांत मावला असता. उरला तो नुसता हुकूम, तोही आदरार्थी अनेकवचनात.

इथल्या कचेऱ्यांत वरिष्ठाला नावाने हाक मारतात, म्हणून त्याचा अधिकार कमी होत नाही. हे पाहूनही ‘अहो’ म्हणजे जुनाट लाचारी, असे मानून मुलांना ते न शिकवणारे आईवडील आपल्यात आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे : पुण्याच्या रिक्षावाल्याला ‘ए बॉस’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अहो दादा’ म्हणणारा समतेच्या अधिक जवळ असू शकतो.