तबकड्यांतील महाराष्ट्र

परप्रांती नोकरीनिमित्त राहणारा मराठी माणूस आपल्या संग्रहातील गाण्यांविषयी सहसा रसिकाच्या भाषेत बोलत नाही. माहेरवाशिणीच्या भाषेत बोलतो. सुई टेकताच त्याला गाण्याआधी गाव ऐकू येते. हे स्वाभाविक आहे, पण टीकेला घातक आहे. मजपाशी 78 फेऱ्यांच्या चाळीसेक तबकड्या आहेत, बहुतेक वडिलार्जित. चंदीगडला त्या ऐकताना प्रश्न पडतो, की यांतील किती गाणी स्वतःच्या बळावर उभी आहेत आणि किती माझ्या आठवणीच्या खांद्यावर?

या प्रश्नाला उत्तर देण्यास मला एक साधन मिळाले आहे. शेजारचे वृद्ध सरदारजी मूळचे लाहोरचे. लाहोर पाकिस्तानात गेले म्हणून पंजाबला नवी राजधानी बांधावी लागली, तेच हे चंदीगड. त्यांना मराठी मुळीच येत नाही, गाणे मात्र उत्तम कळते. त्यांच्या शेजारी बसून ऐकले की माझ्याही कानांतील गाव थोडा वेळ गप्प बसतो.

मास्टर दीनानाथांच्या नाट्यपदाला सरदारजींनी हातातला पेला खाली ठेवला. नाटक ठाऊक नसता, अर्थ कळत नसता, केवळ तानेच्या त्या अनपेक्षित फेकीने! दीनानाथांच्या गायकीतील पंजाबी वळणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वळण येथे आपल्या घरी परतल्यासारखे वाटले. बालगंधर्वांना मात्र त्यांनी केवळ सौजन्याने ऐकले. त्यांचा दोष नाही. गंधर्वांचा ऐसपैस विस्तार आणि ‘वन्समोअर’ची रात्र सव्वातीन मिनिटांत मावत नाही, शिवाय त्यांच्या लयीचा लडिवाळपणा मराठी अक्षरांच्या वजनावर तोललेला आहे. ज्याला ते अक्षर परके, त्याला अर्धे गंधर्व परके.

भावगीताचे प्रकरण याहून नाजूक आहे. नाट्यपद रंगभूमीवरून तबकडीत आले, तर भावगीत तबकडीच्या मापानेच वाढले. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता 1930 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ग. ना. जोशी यांनी ध्वनिमुद्रित केली. त्या तबकडीत मला आजही काही कमी वाटत नाही व काही जास्त वाटत नाही. जोशी चालीला कवितेच्या पुढे धावू देत नाहीत. सरदारजी ‘अच्छा है’ म्हणून चहाकडे वळले, तरी माझे मत ढळले नाही. शब्द हाच ज्याचा प्राण, त्याने शब्द न जाणणाऱ्यास जिंकावे, ही अपेक्षाच गैर. परंतु याच न्यायाने पुढची दहाबारा भावगीते तपासली, तेव्हा कवितेत चांदणे, सखी आणि आसवे यांपलीकडे काही आढळेना, चालीतही काही आढळेना. ती मला प्रिय आहेत, पण चांगली नाहीत. हे लिहिताना वाईट वाटते.

1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’ची 56 गीते प्रसारित झाली. तबकडीच्या एका बाजूचे बंधन त्यांना नव्हते. त्यामुळे माडगूळकरांना कथा सांगण्यास व फडक्यांना ती उलगडण्यास अवकाश मिळाला. लांबी वाढली आणि पोकळपणा आला नाही, हे भावगीताच्या इतिहासात विरळाच.

शेवटी द. वि. पलुसकरांची श्री रागाची तबकडी. त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांनी 5 मे 1901 रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापिले ते लाहोरातच. मुलगा अवघ्या 34 व्या वर्षी, 1955 साली गेला. सव्वातीन मिनिटांत एवढा गंभीर राग मांडायचा तर घाई व्हावी, पण येथे तिचा लवलेश नाही. प्रत्येक स्वर आपल्या जागी येऊन निवांत बसतो. ही मैफलीची संक्षिप्त आवृत्ती नव्हे, तेवढ्याच मापाची स्वतंत्र कृती आहे. तिच्यासाठी ना माझी आठवण लागते, ना सरदारजींचे लाहोर. आम्ही दोघे ती एकाच कारणासाठी ऐकतो, आणि संग्रहातील अशी तबकडी मला आजवर ही एकच सापडली आहे.