धडधड आणि तिचं कारण

घाबरणाऱ्याची थट्टा करणारे खेळ जगात पुष्कळ आहेत. पण घाबरलात म्हणून शिक्षा करणारा खेळ अमेरिकेतच निघायचा! एरिन रेनॉल्ड्स यांच्या चमूचा ‘नेव्हरमाइंड’ हा व्हिडिओ गेम २०१५ साली आला. छातीला पट्टा बांधायचा, डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवायचा आणि मनावर आघात झालेल्या रुग्णाच्या चक्क मनात शिरायचं. तुमचे ठोके यंत्र मोजत असतं. बिचकलात, की खेळ अवघड होतो. एका स्वयंपाकघरात तर दूध भरू लागतं. आपल्याकडे दूध वर आलं की गॅस बंद करतात. इथे स्वतःलाच थंड व्हावं लागतं!

इथवर मी या खेळाला पैकीच्या पैकी गुण देईन. भयाण घर त्यानंच बांधलंय, तेव्हा आतली धडधड भीतीचीच असणार, असं धरायला हरकत नाही. शिवाय शिकवतो काय, तर शांत राहायला.

पंचाईत पुढेच आहे. ठोके, तळहाताचा घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या या गोष्टी मन किती हललं ते सांगतात. कशानं हललं ते नाही. परीक्षेचा निकाल काय नि लग्नाची बोलणी काय, घाम तोच! १९७४ साली डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलाचा प्रयोग प्रसिद्ध केला. पुलावरच्या तरुणांना एका तरुणीनं प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. भक्कम पुलावरच्यांपेक्षा झुलत्या पुलावरच्यांनी तिला जास्त फोन केले. म्हणजे धडधड पुलाची, श्रेय तरुणीला! ज्याची छाती त्यालाच कारण उमगेना, तिथे पट्ट्याला काय कळणार, कप्पाळ?

वैद्यसुद्धा नाडी धरून ‘काल काय खाल्लंत?’ म्हणून विचारतात. यंत्र विचारत नाही. परस्पर शेरा मारतं. खेळात शेरा चुकला तर फार तर दूध चढेल. पण असलाच चष्मा कारकुनाला घालून साहेब म्हणाले, ‘तुम्हाला कामाची गोडी दिसत नाही,’ तर दाद कुणाकडे मागायची? युरोपीय संघानं २०२४च्या कायद्यानं कचेऱ्या आणि शाळांत यंत्राकरवी भावना ओळखायला बंदी केली, ती उगीच नव्हे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडली, तर फेब्रुवारी २०२५पासून ती लागूही झाली.

‘काय, कसं काय?’ला ‘उत्तम!’ म्हणून वेळ मारून नेणं हा आपल्या मध्यमवर्गाचा जुना हक्क आहे. तो असा छातीच्या पट्ट्यानं जप्त होऊ देऊ नये.